मोल आणि तेंदूचा पुडा

मंगळवार, संध्याकाळ

वरोऱ्याहून आलेले तज्ज्ञ साहेब. डोंबलाचे तज्ज्ञ! रसायनशास्त्रातला 'मोल' खडू-फळ्याने जास्त कळतो की पडद्यावरच्या चित्रफितीने, याची तुलना करायला माझ्या नववीच्या वर्गात बसले, हातात तक्ता घेऊन. पडद्यावर रंगीत गोळ्या नाचल्या, पोरं नुसती बघत राहिली. मग मी फळ्यावर लिहिलं: पदार्थ कोणताही असो, एका मोलात कणांची संख्या तीच. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं, एवढंच.

तेवढ्यात सुनीता उठली. उन्हाळ्यात आईसोबत जंगलात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं, तोडून त्यांचे पुडे बांधणारी पोरगी. "सर, हे तं तेंदूच्या पुड्यासारखं झालं. पान लहान राहो का मोठं, पुड्यात सत्तरच रायते. वजन तेवढं बदलते."

इतकी वर्षं शिकवतोय, इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नाही. आणि साहेबांनी तक्त्यात काय लिहावं? 'विद्यार्थिनी विषयांतर करते.' विषयांतर! ज्यानं जन्मात पुडा बांधला नाही, तो ठरवणार विषय कोणता ते!

पण मी तरी कोण मोठा लागून गेलो? तक्ता पुढे आला, तेव्हा त्याच 'विषयांतर'खाली मुकाट सही केली. सुनीता पहिल्याच बाकावर बसते. तिनं वाचलं.