मंजूर झालेला अर्ज

मोंबासा, ता. ३ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. मी खुशाल आहे, पण कामावर नाही. आमच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नऊ दिवस संप चालू आहे. संपात सगळे इथले आफ्रिकन कामगार. आपल्याकडच्या फिटरांपैकी मी एकटा. बाकीचे मान खाली घालून आत जातात, कारण त्याच कामाचा आम्हांला तिप्पट पगार आहे. माझ्या हाताखाली करीसा म्हणून एकजण सहा वर्षं आहे. त्याला हेल्पर म्हणतात, पण रिवेट माझ्याहून सरळ मारतो. त्याच्याकडे बघून आत जायला माझे पाय निघेनात.

आमच्या संपाला पुढारी नाही. हसू नका. रोज सकाळी मैदानात सगळे गोल बसतात, ज्याला बोलायचं तो बोलतो आणि सगळ्यांना पटेल ते ठरतं. साहेबाकडे जायला चिठ्ठ्या टाकून रोज नवी माणसं निवडतात. करीसा म्हणतो, पुढारी केला की साहेब त्याला एक तर खुर्ची देतो, नाहीतर बेडी. इथे इंग्रज सरकारनं आणीबाणी लावली आहे. नुसत्या संशयावरून माणूस उचलतात, खटलाही चालवत नाहीत. साहेब रोज विचारतो, तुमचा म्होरक्या कोण? अजून कुणी नाव घेतलेलं नाही, कारण घ्यायला नावच नाही. सगळा संप एवढ्यावर तगून आहे.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातच्या नाचणीच्या भाकरीची फार आठवण येते. आपला लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
जयसिंग

---

माले, ता. मुळशी, ता. १९ फेब्रुवारी १९५७

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला अर्धंच वाचून दाखवलं. उरलेलं मी आणि तुझ्या वहिनीनं वाचलं. लहानपणी तू मारक्या बैलापुढे उभा राहायचास, आता साहेबापुढे राहतोस; खोड गेली नाही.

पण बिनपुढाऱ्याचा संप ही गोष्ट मला सांगू नकोस. बिनपुढाऱ्याची तर गावची जत्राही होत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात आपले बाबा खोदाईच्या चरात आडवे पडले, तेव्हा पुण्याहून पुढारी आले होते. पुढारी तुरुंगात गेले, मोबदला सावकारांनी नेला आणि आपण भातखाचरं पाण्यात सोडून वर चढलो. पुढारी असून ही गत, तर नसल्यावर काय होईल? खरं सांगू का, तो करीसाच तुमचा म्होरक्या आहे. तू भोळा, तुला उमजत नाही एवढंच.

तू काळजी करू नकोस. तीस वर्षं पंचक्रोशीचे अर्ज मी लिहितो, सख्ख्या भावासाठी गप्प बसेन काय? प्रकृतीस जप आणि आम्हांवर माया असू दे.

तुझा दादा,
हैबतराव

---

माले, ता. २८ मार्च १९५७

चि. जयसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज तुझ्या कंपनीचं पत्र आलं. तुला न विचारता मी तुझ्या बड्या साहेबाला अर्ज केला होता. पौडच्या पेन्शनर मास्तरांकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. भाऊ स्वभावानं गरीब आहे, करीसा नामक पुढाऱ्याच्या नादी लागला आहे, तरी मायबापांनी त्याला पदरात घ्यावं, असं लिहिलं. मायबाप हा शब्द तीनदा घातला. साहेब कळवतो की संप मिटला, जयसिंगास कामावर घेतलं असून मुकादम केलं आहे.

बुडालेल्या जमिनीसाठी, रस्त्यासाठी, विहिरीसाठी मी दीडशे तरी अर्ज केले असतील. मंजूर झालेला हा पहिला. गावात पेढे वाटले. आई देवाला हात जोडून बसली आहे. तुझं मात्र पत्र नाही, मुकादम झालास म्हणून शिष्ट झालास की काय? सवडीनं लिही, आम्ही वाट बघतो.

तुझा दादा,
हैबतराव

---

मोंबासा, ता. १४ एप्रिल १९५७

दादांस नमस्कार. साष्टांग आज लिहवत नाही.

तुमचा अर्ज साहेबानं मैदानात सगळ्यांसमोर दुभाष्याकडून इथल्या स्वाहिली भाषेत वाचून घेतला. करीसाला त्याच्या आदल्या दिवशी नेलं होतं. उत्तरेला कुठल्याशा बेटावर कैद्यांची छावणी आहे, तिथे. कधी सोडतील ते कुणी सांगत नाही. त्याच्या बायकोला दोन पोरींसकट कंपनीच्या खोलीतून बाहेर काढलं. मी माझी खोली देऊ केली, तर ती माझ्या दारात थुंकली. तिचं काही चुकलं नाही.

तीनशे माणसांनी पाच आठवडे उपाशी राहून एक नाव घेतलं नाही. ते तुम्ही मालेत बसून लिहिलंत, आणि ते खरंही नव्हतं. करीसा म्होरक्या नव्हता. तुम्हांला पुढाऱ्यावाचून चालत नाही आणि साहेबालाही चालत नाही. तुमचं दोघांचं छान जमलं.

मुकादमी मी नाकारली. साहेबाला सांगितलं की म्होरक्या मी होतो. तो हसला आणि म्हणाला, तुझा भाऊ सच्चा माणूस दिसतो, तू उगाच बोलतोस. तेव्हा आता दुसरा अर्ज करा. आधीचं चुकून लिहिलं, करीसा निर्दोष आहे, म्होरक्या माझा भाऊ जयसिंग, असं स्वच्छ लिहा. तुमच्या शब्दावर साहेबाचा विश्वास आहे. तो अर्ज इथे येईपर्यंत मला पत्र पाठवू नका.

जयसिंग

---

माले, ता. ९ जून १९५७

चि. जयसिंग यास आशीर्वाद.

पाठवू नका म्हणालास, तरी पाठवतो आहे. संपाला कुणीच म्होरक्या नव्हता, मी अंदाजानं नाव घातलं, असा अर्ज मी एप्रिलातच केला. उत्तर आलं नाही. खऱ्या अर्जाला उत्तर येत नाही, हे मला तरी नवं नाही.

तू सांगितलास तो अर्ज लिहायला सात वेळा बसलो. करीसा निर्दोष आहे इथपर्यंत येतो. पुढे तुझं नाव घालायचं, तिथे पेन अडतो. त्या बेटाचं आईला अजून सांगितलेलं नाही. काल आठवा कागद घेतला तेव्हा तुझी वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या मान्साचं नाव लिवताना तुमचा हात न्हाई थांबला. त्यालाबी कुनी थोरला भाऊ आसंलच की."

 कागद घडी करून ठेवला. जयसिंग, माझी चूक मला दिसते, पापही दिसतं. तरी तो अर्ज मी लिहिणार नाही.

तुझा लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, म्हणून ती ओळ गाळतो.

हैबतराव