मागची खोली, सोमवार दुपारपर्यंत

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळ.
ग्लेनिस बेंडिगोला बहिणीकडे गेली. सोमवारी दुपारी परत. तोपर्यंत मागची खोली रिकामी करून तिला शिवणकामासाठी द्यायची. निश्चय पक्का. अकरा वर्षं तिचं मशीन जेवणाच्या टेबलावर आहे आणि प्रत्येक जेवणाआधी ते खाली उतरवावं लागतं. (तीच उतरवते. माझी पाठ.) गाडीत बसताना म्हणाली, मर्व्ह, आता बास झालं. सोमवारी खोली रिकामी दिसली नाही, तर घरात जिथे रिकामी जागा दिसेल तिथे मी मशीन मांडणार, आणि मग बापजन्मात हलवणार नाही. मी हसलो. या घरात रिकामी जागा आहे कुठे!

मुहूर्तही अचूक साधलाय. सोमवारी सकाळी मोठा कचरा, म्हणजे जुनं फर्निचर, यंत्रं वगैरे न्यायला कौन्सिलचा ट्रक. वर्षातून एकदाच येतो. लोक तारखा विसरतात. मी वेळापत्रक फाइलला लावून ठेवतो. नोव्हेंबर, तिसरा सोमवार. शेजारच्या दिमित्राबाईंनाही कुंपणावरून सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होय? व्यवस्थितपणा अंगात असावा लागतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
चहा. टोस्टवर व्हेजिमाइट. योजना: तीन ढीग. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. बारापर्यंत आटोपून रेडिओवर क्रिकेट.

९.४०
ठेवायच्या ढिगाने खोली भरली. टाकायच्या ढिगात डाव्या पायाची एक स्लिपर.

९.५०
उजवी सापडली तर पंचाईत. स्लिपर परत ठेवायच्या ढिगात.

११.१५
चौथा ढीग सुरू केला: ‘बघू’. काम एकदम वेगात. किल्ल्यांचा डबा सापडला. घरातल्या एकाही कुलपाला लागत नाहीत, पण किल्ल्या कोणी टाकतं का? उंचीप्रमाणे लावल्या. फार समाधान वाटलं. एक लॅमिंग्टन केक खाल्ला. मग दुसरा.

ग्लेनिसचा फोन. विचारलं, जमीन दिसायला लागली का? मी म्हटलं, काही भाग. म्हणाली, कुठला भाग? बेंडिगोत रेंज फार वाईट आहे.

दुपारी २.३०
मन घट्ट केलं. फाटकाबाहेरच्या गवतावर मांडलं: बसून वल्ही मारायच्या व्यायामाचं रोइंग मशीन, तीन पंखे, ब्रेड करायचं यंत्र, एका काठीने कमी असलेला तंबू. आमच्याकडे गवतावर ठेवलं ते ज्याला हवं त्याचं. चांगल्या वस्तू ट्रक येईपर्यंत टिकतच नाहीत. लेबलं चिकटवली: ‘चालू आहे’. एका पंख्यावर ‘जवळजवळ चालू आहे’. प्रामाणिकपणा सोडायचा नाही.

३.१५
कोणी नाही. एक बाई थांबली, ब्रेडच्या यंत्राचं झाकण उघडून वास घेतला आणि निघून गेली. या भागात आता पूर्वीसारखे लोक राहिले नाहीत.

३.४५
वस्तू बऱ्या आहेत, समजावून सांगणारं कोणी हवं. हॉलमधली खिडकीजवळची माझी खुर्ची बाहेर काढली. खरं चामडं. बावीस वर्षं बसून बसून माझ्या मापाची झालेली. ढिगाच्या टोकाला ठेवून बसलो. शेजारी रेडिओ, छान वारा. दिमित्राबाईंनी घरची बिस्किटं आणून दिली. म्हणाल्या, आता कसं दुकान वाटतंय! सुखाच्या कल्पना माणसाने साध्या ठेवाव्यात.

४.५०
चूक कळली. मालक समोर बसला की गिऱ्हाईक बुजतं. रेडिओ घेऊन आत आलो. चहा ठेवला. आता पडद्याआडून लक्ष.

५.०५
गाडी थांबली! मागून उघडी, तरुण जोडपं. झुडपांमुळे नीट दिसत नाही, पण दोघांनी मिळून काहीतरी मोठं उचललं. मुलगी आनंदाने किंचाळली. रोइंग मशीनच! शेवटी रसिक माणसं भेटली. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनीही हलवला. आजकालच्या मुलांवर संस्कार नाहीत म्हणतात, ते खोटं.

५.१०
बाहेर जाऊन आलो. रोइंग मशीन आहे.

५.१२
सगळंच आहे.

५.१३
खुर्ची.

रविवार, १६ नोव्हेंबर
दिमित्राबाई म्हणाल्या, त्या पोरांनी मला विचारलं, ही खुर्ची पण द्यायची आहे का? मी म्हटलं, मालक खिडकीत आहेत, त्यांना विचारा. तर तुम्ही दोन्ही हात हलवत होतात.

एकच हात होता. दिवसभर काही काम झालं नाही. हॉलमध्ये जमिनीवर बसलो. गालिच्यावर चार पायांचे चार खळगे. वस्तूंमध्ये जीव गुंतवायचा नाही, हा नवा संकल्प.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ८.००
ट्रक नाही.

१०.१५
कौन्सिलला फोन केला. चांगला झापणार होतो. मुलगी नम्र होती. म्हणाली, कागदावर वरच्या कोपऱ्यात वर्ष कुठलं छापलंय ते वाचता का? वाचलं. मागच्या वर्षीचं. यंदा आमच्या रस्त्याची पाळी ऑक्टोबरात होऊन गेली. सामान आजच आत घ्या, म्हणाली.

दिमित्राबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, माझी गादी नेली की गेल्या महिन्यात. पण तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, मला वाटलं, तुमच्यासाठी स्पेशल ट्रक येतोय.

११.४०
सगळं परत मागच्या खोलीत. शिवाय एक तीनचाकी बाबागाडी. ती आमची नाही. रात्रीत कोणीतरी आमच्या ढिगात ठेवून गेलं.

१२.२०
ग्लेनिस आली. मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. हॉलमध्ये आली. ते चार खळगे बघत राहिली. म्हणाली, मर्व्ह, तुझी खुर्ची? मी म्हटलं, पसारा आवरायची सुरुवात स्वतःपासून करावी.

तिचे डोळे भरून आले. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, माझ्यासाठी खुर्ची दिलीस तू? मी मधे बोलणं योग्य समजलो नाही. पंधरा मिनिटांत मशीन खिडकीजवळ. उजेड चांगला येतो, म्हणाली. ते मला बावीस वर्षांपासून माहीत आहे.

३.३०
दिमित्राबाई चहाला आल्या. त्यांना गप्प बसवत नाही. मी वेळीच मागच्या खोलीत आलो. भिंतीतून आधी त्यांचा आवाज, मग ग्लेनिसचं हसणं. मधेच ‘दोन्ही हात?’ असं विचारून पुन्हा हसणं. अकरा वर्षांत ती इतकी हसलेली आठवत नाही. बरं वाटलं. रागही आला.

४.१०
रोइंग मशीनवर बसून लिहितोय. घरात माझ्या मापाची दुसरी जागा उरली नाही. आसन सरकतं, अक्षर वाईट येतंय. उजवी स्लिपर सापडली. डावी आता कुठल्या ढिगात, देव जाणे.

४.२५
मशीनचा आवाज सुरू झाला. ग्लेनिसने हॉलमधून ओरडून विचारलं, मर्व्ह, त्या सरकत्या आसनाची रुंदी किती रे? उशी शिवतेय तुझ्यासाठी.

मोजली. अकरा इंच.