कोट विमानतळावर घेऊ

५ जानेवारी २००३, रविवार. सकाळी.

आमच्या मैत्रीचं तिकीट आलं. चोवीस तारीख, शुक्रवार, मुंबईहून दुपारचं विमान. दोन वर्षं मिनियापोलिस. विहाराच्या वाचनालयात जाऊन नकाशात गाव शोधलं. अमेरिकेच्या पार वरच्या अंगाला आहे. हिंजवडीच्या त्या एवढ्या मोठ्या कंपनीने आपल्या पोरीला निवडलं. मन भरून आलं. म्हणजे आनंदाने. वाईट वाटायचं काही कारणच नाही. दोन वर्षं बोलता बोलता जातात.

आईच ती, चंद्रभागा रडली. मी बाहेर जाऊन सायकलीत हवा भरून आलो. हवा होतीच, पण भरलेली बरी असते.

संध्याकाळी.

मैत्री म्हणाली तिकडे आत्ता बर्फ आहे, जाड कोट लागेल. चंद्रभागेचं म्हणणं, तिबेटी लोक थंडीचे कपडे घेऊन बसतात तिथे उद्याच जाऊ. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस. विमानतळावर ड्यूटी फ्री दुकान असतं. सरकार तिथे कर घेत नाही. माल सगळा परदेशी. परदेशातल्या थंडीला परदेशी कोट पाहिजे. विमानात बसायच्या आधी मी स्वतः घेईन आणि माझ्या हाताने तिच्या अंगावर घालीन. आजवर पोरीने सगळं स्वतःच्या अकलेवर मिळवलं. बापाने दिलेलं असं काहीतरी अंगावर असावं.

चंद्रभागा काही बोलली नाही. पटलं असणार.

८ जानेवारी, बुधवार.

कल्पना वाढली. शेजारच्या नागोरावांना सांगितलं. ते मूळ अकोल्याचे, भोसरीला कारखान्यात आहेत, माणूस सरळ पण जीभ तिखट. त्यांच्या शालूवहिनींना परदेशी सेंट पाहिजे. मग म्हटलं, निरोपाला गाडी करून जायचंच आहे, तर सगळे मिळून जाऊ. खाजगी सहल, एक दिवसाची, मार्गदर्शक मी. पहाटे निघायचं, मैत्रीला पोचवायचं, निवांत खरेदी करायची, रात्रीच्या जेवणाला घरी.

नागोरावांनी विचारलं, रामदासभाऊ, तुम्ही ते दुकान पाह्यलं का कधी? काय हा प्रश्न. पीएमटीत जन्म गेला कंडक्टर म्हणून. माणसं नेऊन पोचवायची यात मला कोण शिकवणार? आणि विमानतळ म्हणाल तर येरवड्यात राहतो, लोहगावची विमानं रोज डोक्यावरून जातात. लोहगावला एकदा तिकीट काढून आतसुद्धा गेलो होतो. चहा होता, पुस्तकांचं दुकान होतं. मुंबईचं त्याहून मोठं, एवढाच फरक.

मैत्री उशिरा आली. कंपनीची बस विद्यापीठ चौकात अडकली होती. जेवली नाही. दमली असेल.

१२ जानेवारी, रविवार.

गाडी ठरवली. वाघोलीच्या सर्जेरावाची सुमो. सर्जेराव म्हणाला, "काका, तिकिट असंल त्योच आत जातोय. बाकीच्यास्नी भाईरच थांबावं लागतंय. मी धाधा येळा गेलोय." बिचारा ड्रायव्हर. गाडी लावायची जागा सोडून त्याने काय पाहिलंय? पाहुण्यांसाठी तिकीट असतं हे त्याच्या गावी नाही. मी समजावून सांगितलं. तो तंबाखू मळत व्हय व्हय म्हणाला.

संकल्प : आजपासून रोज अर्धा तास इंग्रजी बोलणे. दुकानात उपयोग होईल. सुरुवात आरशासमोर केली. चंद्रभागेने मध्येच दूध आणायला पाठवलं.

१५ जानेवारी, बुधवार.

आज मैत्री लवकर आली होती. माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई दोघंच या ना. मला गर्दी नको."

मी म्हटलं, अगं गर्दी कसली, घरचीच माणसं. आणि सगळ्यांना सांगून झालंय. आता शब्द फिरवला तर शालूवहिनींना काय वाटेल? मग ती म्हणाली तिला भीती वाटते. मी म्हटलं, विमानाची भीती वाटून घेऊ नये, एसटीपेक्षा अपघात कमी. ती म्हणाली, विमानाची नाही. मग कशाची हे विचारणार होतो, तेवढ्यात सर्जेरावाला डिझेलचं विचारायचं राहिलं होतं ते आठवलं. उठून गेलो. सर्जेराव घरी नव्हता. तसाच परत आलो, तर ती झोपली होती. दिवा चालू होता.

उद्या विचारीन.

१९ जानेवारी, रविवार.

विहारात मैत्रीचा सत्कार झाला. पांढऱ्या साडीत चंद्रभागा छान दिसत होती. मुलीने वस्तीचं नाव काढलं असं सगळे म्हणत होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, मैत्रीकडे बघितलं आणि एकदम घशात खवखव झाली. धूळ फार आहे हल्ली. मग मी ड्यूटी फ्रीची माहिती दिली. कर म्हणजे काय, तो कुणाला माफ असतो, का माफ असतो. लोकांनी मन लावून ऐकलं. मैत्रीबद्दल बोलायचं राहून गेलं. पण ती घरचीच आहे.

घरी आल्यावर चंद्रभागेने पुन्हा कोटाचा विषय काढला. म्हणाली, तुम्ही नका येऊ, मी आणि पोरगी जाऊन आणतो. मी चिडलो. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. मैत्री म्हणाली, असू दे आई, बाबांना घ्यायचाय ना, घेऊ दे. पोर समजूतदार आहे. बापावर गेली.

गुरुवारी इंग्रजीचा अर्धा तास झाला नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी शब्दकोश शोधला.

२२ जानेवारी, बुधवार.

चंद्रभागेने पेपर समोर धरला. सव्वीस जानेवारी जवळ आली म्हणून विमानतळावर पाहुण्यांना तिकीट देणं बंद आहे, असं छापलंय. मी म्हटलं, ते जनरल पब्लिकसाठी. आपली सहल ठरवून चाललीय. प्रत्येक गेटवर एक माणूस असतो आणि त्याच्या वर एक साहेब असतो. साहेबाशी बोलायचं असतं, हे कंडक्टरला कळतं, पेपरवाल्याला कळत नाही.

बॅगा भरल्या. मैत्रीने बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं. बॅगेत लोणचं, चटण्या, बाबासाहेबांचा फोटो. कोटाची जागा मोकळी ठेवायला सांगितली मी. मग म्हटलं, मोकळी कशाला, कोट अंगावरच असणार. भरा.

रात्री झोप लागली नाही. चहा जास्त झाला होता. उद्यापासून चहा कमी.

२३ जानेवारी, गुरुवार.

चहा चार वेळा. पाहुणे आले, नाही म्हणता येत नाही.

मैत्रीशी बोलायला बसणार होतो. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या. नंतर ती एकटी होती, पण तिला आराम पाहिजे म्हणून मी गेलो नाही. गाडीत उद्या तीन-चार तास आहेतच. गाडीत निवांत बोलू.

२४ जानेवारी, शुक्रवार.

सविस्तर लिहायला हवं. सहल एकंदरीत बरी झाली.

निघताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मार्गदर्शकाची जागा तीच. मैत्री मागे, आई आणि शालूवहिनींच्या मध्ये. घाटात मी माहिती सांगत होतो, बोगद्याची, वळणांची. मागे वळून पाहिलं तर शालूवहिनी आणि नागोराव झोपलेले, मैत्री आईच्या खांद्यावर डोकं ठेवून जागी. माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. मग सर्जेराव म्हणाला, काका, पुढं बघा, मला आरसा दिसंना.

विमानतळावर गेटावरच्या शिपायाला मी आमच्या सहलीची कल्पना दिली. तो मराठीच होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, एक तर पाहुण्यांना आत सोडणं बंद आहे. दुसरं म्हणजे ते दुकान पासपोर्टवर शिक्का बसल्यावर पलीकडे लागतं. इथे सहा वर्षं उभा आहे, मीसुद्धा पाहिलेलं नाही."

नागोराव म्हणाले, मग सेंटचा वास इथूनच घ्यावा लागंन. हा माणूस वेळ बघत नाही, काळ बघत नाही.

मी मैत्रीला म्हटलं, दोनच मिनिटं थांब, साहेबाला भेटून येतो. कोट घेतल्याशिवाय तू आत जायचं नाही. ती म्हणाली, बाबा, राहू द्या कोट, इथेच थांबा. मी म्हटलं, आलोच.

साहेब पहिल्या खिडकीवर नव्हते. दुसऱ्या टोकाला एक खिडकी होती, तिथे रांग. मी रांगेत राहिलो. मध्येच सोडून कसं जाणार? नंबर जवळ आलेला. रांग मोडणाऱ्यांना जन्मभर मी बसमधून खाली उतरवलं. खिडकीतल्या माणसाने माझं पीएमटीचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. चांगलं वागला. म्हणाला, इथे सामान हरवल्याची तक्रार घेतात. तुमचं काय हरवलंय?

परत आलो तेव्हा मैत्री आत गेलेली होती.

चंद्रभागेच्या अंगावर शाल नव्हती. शालूवहिनी हळूच म्हणाल्या, भाऊजी, काउंटर बंद होत होतं, पोरीने लय वाट पाह्यली. आईची शाल गुंडाळून गेली.

मी काचेतून आत बघितलं. माणसंच माणसं. एक दोन शाली दिसल्या. तिची नव्हती.

परतताना लोणावळ्याला चिक्की घेतली. खरेदी झाली नाही असं कुणी म्हणू नये. नागोराव म्हणाले, रामदासभाऊ, चिक्कीवर कर लागते का ते विचारून घ्या. सर्जेराव हसला. शालूवहिनींनी दोघांनाही गप्प केलं. चंद्रभागा गाडीत खिडकीकडे तोंड करून, अंग आखडून बसली होती. थंडी वाजत असेल. मी माझं जाकीट पुढे केलं, तिने घेतलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार.

चूक कुणाची याचा विचार केला. सुरक्षेचे नियम अचानक कडक करतात ते बरोबर नाही. पत्र लिहीन. कुणाला लिहायचं ते बघायला हवं.

कोट तिकडेही मिळतो. किंबहुना तिकडेच चांगला मिळतो. एका परीने बरंच झालं. कंपनीतलं कुणी तिला घ्यायला येणार होतं. गाडीला हीटर असतो. गाडीपर्यंत चालावं लागतंच, पण किती चालावं लागेल? फार नाही.

चंद्रभागा विचारल्याला उत्तर देते. स्वतःहून बोलत नाही. जेवायला वाढलं. भाकरी गरम होती. तीन ताटं घेतली होती तिने, एक परत ठेवलं.

सायकलीत हवा भरली. चाक फुटलं.

२६ जानेवारी, रविवार.

सकाळी विहारात झेंडावंदन. सगळे विचारत होते, पोचली का. मी सांगितलं, पोचली असणार, विमान वेळेवर होतं. कोट कसला घेतला हेही दोघांनी विचारलं. मी राष्ट्रगीत सुरू होतंय असं म्हटलं. ते संपलं होतं.

घरी आलो तर फोन वाजत होता. चंद्रभागा आधी बोलली. हो, नाही, हो, जपून राहा. मग तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मैत्रीचा आवाज लांबून येत होता. कार्डावरचा फोन आहे, थोडाच वेळ आहे म्हणाली. पोचले, खोली बरी आहे, बाहेर सगळं पांढरं आहे. मला काय विचारावं सुचेना. मी विचारलं, ते दुकान कसं होतं? कोट होते का?

ती म्हणाली, "शिक्का झाल्यावर पळता पळता दिसलं बाबा. मी गेले नाही तिकडे. त्याआधी मी काचेपाशी उभी होते. आई दिसत होती. तुम्हीच दिसत नव्हता. माझं नाव पुकारलं तोपर्यंत उभी होते."

लाइन खराब असावी. आवाज ओला येत होता. लांबच्या लाइनी अशाच असतात.

मग मी बोललो. म्हटलं, बाळ, मी पळून नव्हतो गेलो, मी त्या टोकाला रांगेत होतो. म्हणजे गेलोच होतो एका अर्थाने. पायरीवर तू भीती वाटते म्हणालीस, तेव्हाही मी उठून गेलो. मलाही वाटत होती, तुझ्याहून जास्त. तुझ्यासमोर रडलो असतो तर तुझा पाय निघाला नसता, असं मला वाटलं. कोट मला तुझ्या अंगावर घालायचा होता, कारण नुसतं जवळ घ्यायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. विहारात मला तुझंच सांगायचं होतं. तू चौथीत असताना माझ्या तिकिटांच्या पेटीवर पाटी ठेवून गणितं करायचीस, ते सांगायचं होतं. बरंच काय काय बोललो. एवढं मी आयुष्यात फोनवर बोललो नव्हतो. मोकळं वाटलं.

चंद्रभागा आतून आली, जवळ उभी राहिली, आणि माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेत म्हणाली, "अहो, तो कधीचा बंद झालाय."