लल्लाच्या दारातलं पाणी

ऐन तरफा,
९ जून १९९४

चि. लसाद यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडचं तू स्वतः कळवत जा, नाहीतर मला भाड्याच्या गाडीवाल्या फ्रजला विचारावं लागतं आणि तो प्रत्येक गोष्ट वाढवून सांगतो.

या पत्राबरोबर फ्रज एक बाटली देईल. बाटली नारंगीच्या फुलांच्या अर्काची आहे, पण आत अर्क नाही, आपल्या घरच्या नळाचं पाणी आहे. ईदला तू आलास तो विकतच्या पाण्याच्या सहा बाटल्या बगलेत मारून, हे मी विसरलेले नाही. ज्या नळाचं पाणी पिऊन तुला दाढीमिशा फुटल्या, तो नळ तुला परका झाला. ट्यूनिसच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं पाणी तपासतोस म्हणून जीभ नाजूक झाली असेल. या पाण्याचा पुदिना घालून चहा कर, तुझ्या बायकोला, एम्नालाही दे, आणि मग खरं सांग, असा चहा राजधानीत होतो का.

उन्हाळा यंदा लवकर चिडलाय. बाराला नळ जातो तो उन्हं कलली की येतो. मधे तोटी सोडली तर आतून नुसता सुस्कारा येतो, तुझे दाजी दुपारी झोपेत सोडायचे तसा. म्हणून त्यांच्या नावाचा सबीलचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तहानेचा माठ मी सकाळीच भरून दारात ठेवते. शाळेतून सुटलेली पोरं, पोस्टमन, बेकरीसमोर रांगेत ताटकळलेली माणसं, सगळी तिथे पाणी पितात. दाजी गेल्यापासून तीन वर्षांत माठ एक दिवस कोरडा राहिला नाही. त्यांच्यासाठी आता करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलंय.

वरच्या घरातली मब्रूकाची नात शेद्लिया चार दिवस जेवत नाहीये. गुटगुटीत पोर, पण घासाकडे बघितलं की तोंड फिरवते. डोळेही पिवळसर वाटतात. मब्रूका म्हणते दृष्ट लागली, आणि म्हणताना माझ्याकडे बघते.

बोलते ते जीव आहे म्हणून, एवढं जाणून लोभ राखावास.
तुझी लल्ला दलेंदा


ट्यूनिस,
१९ जून १९९४

ती. लल्लाच्या सेवेशी,
धाकट्या लसादचा सलाम वि. वि.

आधी गुन्हा कबूल करतो. तुझ्या पाण्याचा चहा केला नाही. बाटली ऑफिसात नेली, सगळ्यांना दाखवून हसलो, आणि गंमत म्हणून तपासायला लावली. दुसऱ्या दिवशी हसू मावळलं.

लल्ला, रागावू नकोस. तुझ्या पाण्यात असे जंतू निघाले जे फक्त माणसाच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या घाणीत असतात. सरळ सांगायचं तर कुणाचा तरी संडास तुझ्या नळाला भेटायला येतो. आता अर्काची जुनी बाटली म्हणजे काही पुरावा नव्हे, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण दुपारी नळ जातो असं तू लिहिलंस, त्यानं माझी झोप उडाली. भरलेला नळ आतली घाण बाहेर ढकलतो. रिकामा झाला की तो तहानलेल्या माणसासारखा ओढतो, आणि सांधा फुटका असला तर आजूबाजूच्या मातीत जे मुरलंय ते ओढतो. तुला ऐकू येतो तो सुस्कारा नाही, घोट आहे.

म्हणून तीन गोष्टी, वाद न घालता. पाणी खळखळ उकळून, गार करूनच पी. शेद्लियाला दवाखान्यात न्यायला सांग, डोळे पिवळे होणं म्हणजे दृष्ट नव्हे, कावीळ असू शकते. आणि माठ बंद कर. तिसरी गोष्ट लिहायला मला सर्वांत जड गेलं.

सोबत निर्जंतुक बाटल्या पाठवतोय. एकीत बेकरीच्या नळाचं, एकीत तुझं, एकीत खालच्या हत्ताब न्हाव्याचं पाणी भर. तोंडाला बोट लावू नकोस, आणि पदरानं पुसूही नकोस. तुला ओळखतो म्हणून लिहिलं.

एम्ना तुझ्या हरीशाच्या तिखट चटणीची वाट बघतेय. राग उतरला की माया पूर्ववत चालू ठेवावी.
तुझा लसाद


ऐन तरफा,
२८ जून १९९४

चि. लसाद यास आशीर्वाद, जरी तो या वेळी थोडा कमीच निघतोय.

तुझं पत्र मी दोन दिवस उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी माठ उचलून आत आणला. वाटेत दोनदा खाली टेकवला, माठ जड होता असं मी सगळ्यांना सांगितलं. बेकरीच्या रांगेत लगेच चर्चा झाली की दलेंदाचा धर्म आटला. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता की त्याच्याकडून काही चूक झाली का. त्याला उकळलेलं पाणी दिलं तर म्हणाला, एवढ्या उन्हात गरम पाणी देण्यापेक्षा नाहीच म्हणायचं.

पण तुझं खरं निघालं. शेद्लियाला कावीळच आहे, आणि आपल्या गल्लीतली आणखी दोन पोरं दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरनं विश्रांती सांगितली आहे आणि खायला घाला म्हणाला. खाते कुठे. नऊ वर्षांची पोर मनगटाला काडीसारखी झाली आहे.

मी नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबानं टाकीच्या पाण्याचा कागद दाखवला, त्यावर सगळं शुद्ध आहे. मी म्हटलं, मी टाकीत तोंड घालून पीत नाही, माझ्या घरी नळ आहे. तो म्हणाला, आजी, पत्र लिहून द्या. मला आजी म्हणाला, त्याचं डोकं माझ्यापेक्षा पांढरं होतं.

आता गल्लीत जो तो दुसऱ्याच्या शोषखड्ड्याकडे बघतो. माझ्या मते दोष मब्रूकाचा. तिच्या घरात नऊ माणसं, आणि खड्डा तिच्या सासऱ्याच्या काळचा. मी हे फक्त बेकरीवाल्याच्या बायकोजवळ बोलले, तर संध्याकाळी मब्रूका दारात. म्हणाली की एवढी वर्षं नुसता माझा माठ बघत होती, आता माझी जीभही बघितली.

बाटल्या भरल्या आहेत. पदर लावलेला नाही. एकीला जरासा लागला असेल, ती मी पुन्हा भरली.

तुझ्या शहाणपणासकट तू हवाच आहेस, तेव्हा येणं जाणं ठेवावंस.
लल्ला


ट्यूनिस,
७ जुलै १९९४

ती. लल्ला, सलाम वि. वि.

पदर लागलेली बाटली तू पुन्हा भरलीस हे वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसलो. एवढी प्रामाणिक माणसं आमच्या खात्यात नाहीत.

बेकरीचं पाणी स्वच्छ आहे. तुझं घाण, आणि खालच्या हत्ताबचंही घाण. म्हणजे टाकीचा साहेब खोटं बोलत नव्हता, त्याचं पाणी बेकरीपर्यंत निर्मळ येतं. बिघाड बेकरी आणि तुझं दार यांच्यामधे आहे. मला आठवतं त्याप्रमाणे तिथे तीनच घरं, मब्रूकाचं, त्याला लागून ते कुलूप लावलेलं, आणि तुझं. कुलपातलं घर संडासला जात नाही. तेव्हा आता सामना तुझा आणि मब्रूकाचा.

सोबतच्या डब्यात रंगाची भुकटी आहे. विषारी नाही, आम्ही याच कामाला वापरतो. चमचाभर भुकटी संडासात टाकून वर भरपूर बादल्या ओतायच्या आणि दोन दिवस थांबायचं. दुपारी नळ जाऊन परत आला की पहिलं पाणी काचेच्या पेल्यात धरून बघायचं. हिरवट झाक दिसली की चोर सापडला. एका वेळी एकच संडास, नाहीतर काही कळायचं नाही. सुरुवात मब्रूकाकडून कर, त्याशिवाय तुला चैन पडणार नाही. मात्र आधी माफी माग, मग भुकटी टाक. उलट क्रमानं नको.

शेद्लियासाठी खजूर पाठवलेत. तुझ्या शिव्या धरून सगळ्या गोष्टींची आठवण येते, पत्र लवकर यावं.
तुझा लसाद


ऐन तरफा,
२५ जुलै १९९४

चि. लसाद यास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

मब्रूकाची माफी मागितली. तिनं मला अंगणात अर्धा तास उभं ठेवलं, मग म्हणाली की टाक तुझा रंग, आणि बघ. बादल्या तिनं स्वतः ओतल्या. दोन दिवसांनी सगळी गल्ली पेले घेऊन दारात. पाणी आलं, माझ्या डोळ्यांसारखं नितळ. मोतीबिंदू उतरवण्याआधीच्या म्हणशील तर नाही, त्यानंतरच्या. मब्रूकानं पेला माझ्यासमोर धरून सावकाश फिरवला.

मग माझी पाळी. परसातल्या जुन्या संडासात भुकटी टाकली. दोन दिवस, काही नाही. माझी मान इतकी वर झाली की हत्ताब म्हणाला, दलेंदा, आकाशात नळ नाहीये. खरं तर मी तिथेच थांबणार होते. पण तू एका वेळी एकच लिहिलं होतंस, आणि माझ्या घरात दोन आहेत. दुसरा म्हणजे पुढच्या खोलीला लागून असलेला, पांढऱ्या फरशांचा, साखळी ओढायचा, तुझ्या हातचा. राजधानीच्या भावजयीसाठी तू पाच वर्षांपूर्वी बांधवून घेतलास तो. वर्षातून चार दिवस तुम्ही वापरता. बाकीचे दिवस, गुडघे धरल्यापासून, मी वापरते.

लसाद, संध्याकाळी माझ्या नळातून हिरवं पाणी आलं. पानांसारखं हिरवं. खालून हत्ताब धावत आला, त्याच्या हातात वस्तरा, आणि मागून त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या दाढीला हिरवा फेस. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी आठवडाभर हसले असते.

मब्रूकाच्या घरी पाणी स्वच्छच आलं होतं. ती पेला हातात घेऊन गल्लीच्या मधोमध उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, कारण तेच माझ्या मनात चाललं होतं. तिच्या नळाला काही झालं नाही, मग पोर ते पाणी प्यायली कुठे. शाळेतून येताना. माझ्या दारात. तुझ्या दाजींच्या माठातलं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की घाण माझ्या घरची आहे आणि पाणी मी पाजलं. तुझं नाव घेतलं नाही. त्या संडासाला मी आतून कडी घातली आणि खिडकीतून बाहेर पडले, या वयात, म्हणजे पुन्हा आत जाता येऊ नये.

नगरपालिकेचा साहेबही आला. हिरवं पाणी कागदावर नसल्यामुळे त्याला ते डोळ्यांनी बघावं लागलं. उद्या खणायला माणसं येणार आहेत.

एवढंच. तुझ्यावर राग नाही. पण आज आणखी काही लिहवत नाही.
लल्ला


ट्यूनिस,
३० जुलै १९९४

ती. लल्ला, सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एम्नालाही वाचायला दिलं.

तुला एक माहीत नाही. बशीर गवंड्यानं मला विचारलं होतं. तो म्हणाला होता की पुढच्या भिंतीखालून गल्लीचा नळ जातो, खड्डा इथे नको, परसात डाळिंबापलीकडे घेऊ. तिकडे खडक होता, चार दिवस जास्त लागले असते. एम्ना गुरुवारी येणार होती. मी म्हटलं, इथेच घे. तेव्हा मला या नोकरीत तीन वर्षं झाली होती, लल्ला. नळापासून खड्डा किती लांब हवा हे मी दुसऱ्या गावांना पत्रांतून कळवत होतो, बशीरपेक्षा मला जास्त कळत होतं.

आणि एम्नानं ते कधी मागितलं नव्हतं. काल तिनं मला तेच सांगितलं. जुन्या संडासाची लाज मला वाटत होती, तिला नाही.

तू सगळं आपल्या अंगावर घेतलंस. ते परत दे. शुक्रवारी पहिल्या गाडीनं येतोय. मब्रूकाला मी सांगेन, तू मधे पडू नकोस.

माझ्याविषयी जे काही शिल्लक असेल ते राखून ठेव.
लसाद


ऐन तरफा,
१४ ऑगस्ट १९९४

चि. लसाद यास,
लल्लाचे अनेक आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

तू नीट पोचलास हे फ्रजकडून कळलं. तो म्हणाला की वाटेत तू एक शब्द बोलला नाहीस, म्हणजे त्यानं किती बोलून घेतलं असेल याची कल्पना आहे.

मब्रूकानं तुझ्या तोंडावर दार लावलं ते तू मनाला लावून घेऊन गेलास. मी तुला काही समजावणार नाही, तिचा हक्क होता. तू मात्र सबबी न सांगता, गवंड्याचंही सांगून, दारात उभं राहून बोललास. भिंतीआडून मी ऐकत होते. मधे पडू नकोस म्हणाला होतास, ऐकू नकोस म्हणाला नव्हतास.

फुटका सांधा तुझ्या भिंतीपासून हातभर अंतरावर निघाला. नवा नळ टाकलाय. खड्डा उपसून, चुना टाकून बुजवला. तुझ्या पांढऱ्या फरशा हत्ताबनं दुकानासाठी मागून नेल्या, आता त्याच्याकडे दाढी करणं मोठ्या इभ्रतीचं झालंय. दवाखान्यातली दोन्ही पोरं गल्लीत हुंदडू लागली आहेत. तू पाठवलेला तपासणीचा कागद साहेबानं भिंतीला लावला. कारणाच्या रकान्यात तू स्वतःचं नाव लिहिलंस, असं त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. त्यामुळे नोकरीत काही त्रास झाला तर मला खरं कळव.

पण शेद्लिया जेवत नव्हती. पिवळेपणा उतरला, ताप गेला, तरी घास नको. मी रोज मब्रूकाकडे काहीतरी पाठवायचे, ती भांडं रिकामं करून परत द्यायची, पोरीनं खाल्लं की कोंबड्यांनी ते सांगायची नाही. मीही विचारलं नाही.

काल दुपारी मब्रूका आली. तू गेल्यापासून पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडला. बसली. मी उकळून गार केलेलं पाणी पुढे ठेवलं, तिनं पेल्याकडे बघितलं आणि प्यायली. रिकामा पेला उपडा घातला. मग उठली, दारापर्यंत गेली आणि पाठमोरी म्हणाली की तुझ्या भावाला लिही. मी विचारलं, काय लिहू. माफ केलं वगैरे लिहू नकोस म्हणाली, तसं काही नाही. फक्त लिही की पोरीनं आज कुसकुसाचं ताट साफ केलं आणि आणखी मागितलं.

म्हणून लिहिते आहे.
तुझी लल्ला