तळघरातलं पिनबॉल आणि बासष्ट गाठी

शिकागो, ७ मार्च १९९३

आदरणीय ब्रोन्या मावशीस,

झेनेकचा गुडघे टेकून नमस्कार. (उजवा गुडघा आता टेकत नाही, तेव्हा नमस्कार अर्धा समजावा, आदर पूर्ण आहे.) तुझा खांदा आता बरा असेल, रक्तदाब आटोक्यात असेल आणि मिल्वॉकीच्या थंडीने तुला फार छळलं नसेल, अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण गेल्या चार वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, आणि तुझी खुशाली मला इर्मिनाकडून कळते. तुम्ही दोघी दर रविवारी फोनवर बोलता हे मला ठाऊक आहे. मी खोलीत आलो की माझी बायको "राँग नंबर" म्हणते आणि त्या राँग नंबरशी पुढे चाळीस मिनिटं बोलते. माझी तक्रार नाही. आम्ही सगळे बरे आहोत. मला काही नको आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पत्र वाचताना तुला हात आखडता घ्यावा लागणार नाही.

नवीन बातमी एकच. बस चालवायचं सोडल्यापासून मला काहीतरी छंद हवा होता, तो लागला. बेल्मॉन्ट रस्त्यावरचा कोपऱ्यावरचा गुत्ता आठवतो ना, जिथे युनियनच्या सभेनंतर आम्ही दुसरी सभा भरवायचो? तो नोव्हेंबरात बंद झाला. मालकाने मला मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाला, "झेनेक, ह्याच्यावर तू हात आपटून आपटून भाषणं केलीस. आता तूच घेऊन जा." तिथे धुळीत उभं होतं एक पिनबॉलचं मशीन, १९६६ सालचं, तू जिथे एकतीस वर्षं काढलीस त्या तुमच्याच कारखान्यातलं. मागच्या काचेवर तळ्यात पोहणाऱ्या सात बायका रंगवलेल्या आणि दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघणारा एक टोपीवाला. (या चित्राबद्दल माझी मतं कडक आहेत, ती इर्मिनाला दोनदा ऐकवून झाली आहेत.) मी आणि माझ्या मेहुण्याने, नॉर्बर्टने, ते आमच्या तळघरात उतरवलं. जिना चौदा पायऱ्यांचा आहे. नवव्या पायरीवर नॉर्बर्ट थांबला आणि म्हणाला, "दाजी, हे मशीन खाली जातंय की मी?" दोघेही गेले. मशीनला ओरखडा आला नाही.

आता तुला आमचं तळघर माहीत आहे. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला, खालचं स्वयंपाक करायला. ईस्टरला पंचवीस माणसं खालीच जेवतात, आणि जिथे जेवणाचं लांब टेबल लागतं तिथे सध्या पिनबॉल उभं आहे. इर्मिनाने मुदत घातली: ईस्टरपर्यंत ते चालू झालं तर राहील, म्हणजे निदान पाहुणे खेळतील तरी, नाही झालं तर नॉर्बर्ट नेईल. नॉर्बर्ट अशी जुनी मशीनं नेतो, पोटातलं सगळं उपसून फेकतो, वर काच बसवतो आणि चहाचं टेबल म्हणून उपनगरातल्या लोकांना विकतो. मागच्या रविवारी तो फीत घेऊन आला आणि मी जिवंत असताना मशीनची मापं घेतली. मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं, की माणसाच्या हातांनी घडलेल्या वस्तूचं पोट फाडून तिच्यावर बिस्किटांची बशी ठेवणं हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लाज आणणारं आहे. तो म्हणाला, "लांबी सव्वाचार फूट. दाजी, जरा बाजूला व्हा, रुंदी घ्यायची आहे."

तर मी कामाला लागलो. वाचनालयातून विजेवरची सहा पुस्तकं आणली. (दोन चांगली आहेत, तीन एकमेकांचं खंडन करतात आणि सहावं पाणबुड्यांविषयी निघालं, पण ते मी पूर्ण वाचलं.) आतला नकाशा मिळाला, तो भिंतीवर टांगला. बंदच पडलेली कोणतीही व्यवस्था सुधारायची तर आधी ती पूर्ण मोकळी करावी लागते, हे मी आयुष्यभर सांगत आलो, तेव्हा तेच केलं. उंदराचं घरटं काढलं. रबरं काढली. मग दोनशे चौदा तारांची टोकं एकेक करून सोल्डर वितळवून सोडवली, म्हणजे खालचे पितळी पत्रे घासता येतील. आता उरली ती मधली तारांची जुडी, मनगटाएवढी जाड, मेणाच्या दोरीने जागोजाग बांधलेली. दोरी काळी पडली होती. भाजीच्या जुडीची दोरी कापताना कोणी विचार करत नाही. मीही केला नाही. बागकामाची कात्री घेतली आणि बासष्ट गाठी कापल्या. मनात होतं, तारा कोमट पाण्यात धुवाव्यात आणि नंतर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी झटपट बांधून टाकाव्यात. पट्ट्यांचं पाकीट आणलेलंही होतं.

मावशी, शेवटची गाठ कापली तेव्हा ती जुडी हळूच पसरली. आवाज काही झाला नाही. बादलीत नुसते शेवयांसारखे दोनशे चौदा धागे, सगळे एकाच मळकट रंगाचे. कधीकाळी ते पिवळे, तांबडे, हिरवे, पट्टेवाले होते, असं नकाशा म्हणतो. नकाशात कोणती तार कोणाला जोडायची ते आहे. ती वाटेत कोणाच्या शेजारून जाते, कुठे वळते, कुठे बाहेर पडते, ते नाही. ते फक्त त्या गाठींना माहीत होतं. प्रत्येक गाठ अशा ठिकाणी होती की तार आपल्या जागेसमोरच बाहेर यावी. हे मला कात्री खाली ठेवल्यावर समजलं.

इतक्यात इर्मिना लोणच्याच्या काकड्या न्यायला खाली आली. तिने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जमिनीवरचा दोरीचा एक तुकडा उचलला. दोन वेढे, मग आडवा फास, आणि शेपूट चपटं दाबलेलं. म्हणाली, "अरे, ही तर ब्रोन्या मावशीची गाठ. नाताळात मांसाच्या गुंडाळ्यांना बांधते ती." मी म्हणालो, त्या कारखान्यात दोनशे बायका होत्या. ती म्हणाली, "दोनशे बायका होत्या, पण शेपूट कोण दाबत होतं?" आणि काकड्या घेऊन वर गेली.

इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण तू नक्की त्याच जेवणाचा विचार करत असशील. चार वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या निवृत्तीचं जेवण होतं आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी मालकांविरुद्ध बोललो, मावशी. आजही माझं मत बदललेलं नाही, की एका माणसाला एकतीस वर्षं एकाच जागी उभं करून एकच काम करायला लावणं हा गुन्हा आहे. पण मुद्दा पटवताना माणूस वाहवतो, आणि मी म्हणालो की या कामाला डोकं लागत नाही, लागू दिलं जात नाही, शिकवलेलं माकडही गाठी मारू शकतं. सभागृहात एरवी माझ्या अशा वाक्याला टाळ्या पडतात. त्या दिवशी पडल्या नाहीत. तू उठलीस, पर्स घेतलीस आणि म्हणालीस, "झेनेक, तुझं संपलं की केक काप. माकड घरी चाललं." त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

असो. मी काही तो विषय काढायला बसलेलो नाही. मी मशीनबद्दल सांगत होतो.

मी तारा पुन्हा जोडायला घेतल्या. मीटर लावून एकेक शोधली. तीन आठवडे गेले. काम करताना दिसलं की काही तारा विनाकारण लांब आहेत. टोकाशी इंचभर जास्त, दुमडून आत ढकललेल्या. ही ढिलाई मला आवडली नाही. (शिस्तीचा अभाव खालच्या पायरीवर दिसला की मी नेहमी वरच्या पायरीला दोष देतो, म्हणून मनातल्या मनात तुमच्या मुकादमाला दोन शब्द सुनावले.) अशा दोन तारा मी नीट कापून सरळ केल्या. मग त्यातल्या एकीचं टोक सोल्डरने ठिसूळ होऊन तुटलं. तुटकं छाटून पुन्हा जोडायला गेलो तर ती अर्ध्या इंचाने अपुरी. तिसऱ्या तारेशी मी हात थांबवला आणि पाहत बसलो. दुमडलेली जास्तीची तार फक्त अशाच ठिकाणी होती जिथे कॉइल तापते आणि टोकं जळतात. म्हणजे १९६६ साली कोणीतरी, सरकत्या पट्ट्यावर, मुकादम घड्याळ घेऊन उभा असताना, एवढा विचार केला होता, की कधीतरी ही तार इथे तुटेल आणि ती जोडायला बसलेल्या माणसाला इंचभर तार लागेल. तो माणूस मी. मी ती कापून कचऱ्यात टाकली होती.

एवढं होऊनही गेल्या मंगळवारी मी प्लग लावला. मशीन चालू झालं, हे मान्य करावं लागेल. मी चेंडू सोडलाच नव्हता. घंटी वाजू लागली, गुणांचे आकडे गरागरा फिरू लागले, काचेवरच्या सातही बायका एकसाथ उजळल्या-विझल्या, आणि आतला हातोडा लाकडावर आपटून जाहीर करू लागला की मशीन जिंकलं, आणखी एक डाव फुकट. मग दुसरा. मग तिसरा. खेळाडू नाही, चेंडू नाही, कोणी काही विचारलेलं नाही, आणि हे आपलं चालूच. इर्मिना जिन्यावर येऊन थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "हे तर अगदी तुझ्यावर गेलंय." मी प्लग काढला.

प्लास्टिकच्या पट्ट्याही लावून पाहिल्या. त्या तारांना आवळतात, पण धरत नाहीत. जुडी वळली की आतल्या तारा सरकतात, आणि पट्टीची धार वेष्टणात रुतते. मग मेणाची दोरी आणली आणि तुझी गाठ मारायला बसलो. तुकडा समोर ठेवून, चष्मा लावून. पहिल्या सात गाठी सुटल्या. आठवी टिकली, पण तिच्यात माझी करंगळी होती. दोन हात पुरत नाहीत असं माझं ठाम मत झालं आहे, आणि तू ती गाठ एका हाताने, दुसऱ्या हातात पुढची तार धरून मारायचीस हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

तर अशी आमच्याकडची खुशाली. स्वतःला जप, लोकरीचे मोजे घालत जा, खांद्याला शेक दे. इर्मिनाचा नमस्कार. नॉर्बर्टचाही, तो बरा माणूस आहे, फक्त त्याच्या हाती फीत देऊ नये.

तुझा आज्ञाधारक भाचा,
झेनेक

ता.क. सहज आठवलं म्हणून विचारतो. तुम्ही तारा खिळ्यांभोवती वळवून ती जुडी ज्या फळीवर बांधायचात, त्या फळीवरचे खिळे कुठे कुठे होते हे तुला अजून आठवतं का? आठवत असेल तर कागदावर काढून पाठव. घाई नाही. ईस्टर ११ एप्रिलला आहे.

ता.क. २. कागदावर काढायला अवघड जाणार असेल तर तूच आलीस तरी चालेल. मिल्वॉकीहून गाडीने दीड तास. वरची खोली इर्मिनाने तयार ठेवली आहे. का, ते मला सांगितलं नाही. तारा मी पुन्हा सगळ्या सोडवून, धुवून, वाळवून, लांबीप्रमाणे कपड्यांच्या दोरीवर टांगल्या आहेत. तू गाठी मारायच्या, मी तारा हातात द्यायच्या. कोणती तार कधी द्यायची ते तू सांगायचं.

ता.क. ३. पाकीट चिकटवण्याआधी इर्मिनाने पत्र वाचलं. म्हणाली, यात माफी कुठे आहे? मी म्हणालो, सगळं पत्र दुसरं काय आहे, समजणाऱ्याला ओळीओळीत सापडेल. ती म्हणाली, मावशीचे डोळे आता अधू झालेत, तिला ओळीओळीत शोधायला लावू नकोस, एका ओळीत लिही. मी अर्धा तास बसलो. एवढं लहान भाषण मी आयुष्यात कधी तयार केलं नव्हतं. ते असं:

मावशी, मी चुकीचं बोललो, आणि पाचशे माणसांसमोर बोललो. चूक माझी होती.

नॉर्बर्टने ईस्टरनंतर मशीन नेलं तरी चालेल. तू ये. गाडीची वेळ इर्मिनाला कळव, मी स्टेशनवर येईन. सामान उचलीन, गाडीचं दार उघडीन, आणि घरापर्यंत तू बोलशील ते ऐकेन.