लिद्काने विटोल्डला सांगून टाकलं

लाडक्या आईस,
तुझ्या जागोदाचा दोन्ही गालांवर पापा.

मी मजेत आहे, खोकलाही बराच कमी झालाय. शनिवारी शाळेचा मोठा नाच आहे, तोच शेवटच्या परीक्षेआधी शंभर दिवसांवर होणारा, म्हणजे परीक्षेला शंभरच दिवस उरले. अभ्यासाचं मात्र आत्ता विचारू नकोस.

काल होस्टेलवर माझी मैत्रीण बोग्ना पॉप गाणी लावून पलंगावरच नाचत होती. म्हणाली, "गाण्यात अर्थ कसला शोधता? पाय हलले की झालं!" मी म्हटलं, "ते ठीक, पण मला जोडीने नाचताना कुणी फार जवळ ओढलेलं आवडत नाही." ती हसली, "अगं, नाचायचंय, लग्न नाही लावायचं!"

तेवढ्यात आमच्या खोलीतली लिद्का रडवेली झाली. सगळे म्हणतात, नाच संपला की जोडीदाराला चुंबन द्यावंच लागतं. तिचा जोडीदार विटोल्ड चांगला आहे, पण तिला ते नको होतं. "मग त्यालाच सांग ना," आम्ही दोघी म्हणालो.

आज नाचाच्या तालमीत तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सुटलो बुवा! मला पावलं मोजतानाच घाम फुटतो." आता तीच जोडी सगळ्यांत मोकळी नाचते.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि खरं सांग, तुमच्या वेळच्या शाळेच्या नाचात चुंबनाचं तू त्यांना काय म्हणाली होतीस?

तुझीच,
जागोदा