हाऊगोचा नवा हंडा

हाऊगो, व्हॉस
८ सप्टेंबर १९७४

ती. सौ. सिन्नेव्हावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सोबतचे सुके मासे पोचले. फोन का लावत नाहीस म्हणून रागावलात, पण फोनवर मला नुसतं गप्प बसता येतं. लिहिताना निदान हात हलतो.

बटाटे काढून झाले. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मी त्यांना एकटीने गोठ्यात घेतलं. कुत्रा फाटकापाशी यांची वाट बघत बसला होता, त्याला ओढून आणावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. नाताळच्या बिअरसाठी तांब्याचा हंडा बाहेर काढला आणि उजेडापुढे धरला, तर तळातून आभाळ दिसलं. तांबटाला दाखवला. तो म्हणाला, बाई, डाग लावायला खाली तांबं तर शिल्लक हवं. शेजारचा गुट्टोर्म कुंपणापाशी भेटला. म्हणाला की यंदा तू कशाला दगदग करतेस, आमचं एक पिंप तुला पाठवून देऊ. प्रेमानेच म्हणाला. मी बरं म्हटलं, आत आले आणि भांडी जरा जोरातच घासली. तुमच्या माहेरी नाताळला कधी शेजारची बिअर आली आहे का?

बिअर आंबवायचं आपलं विरजण माळ्यावर लाकडी कड्याला वाळून चिकटलेलं आहे. गेल्या नाताळचं, यांच्या हातचं. आणखी एक हिवाळा ते तसंच टांगून राहिलं तर जगेल, असं मला वाटत नाही. हे गेले, त्याला माझा इलाज नव्हता. विरजण मात्र मी जाऊ देणार नाही. आजवर मी पाणी वाहिलं, रस गाळायच्या ज्युनिपरच्या काटेरी फांद्या धुतल्या. हंड्यापाशी उभे राहायचे ते हे. आता वाचनालयातून पुस्तकं आणते. एक म्हणतं तांबंच हवं, दुसरं म्हणतं स्टील. पुस्तकं भांडतात आणि मी मधे बसून चहा पिते. अर्नफिनभाऊजी डेअरीची भांडी बनवतात. त्यांना विचाराल का?

तुमची माया बर्गनच्या पावसासारखी असू द्या, म्हणजे थांबायची भीती नाही.

तुमची,
हर्बोर्ग


बर्गन
२० सप्टेंबर १९७४

प्रिय वहिनी हिस,
स. न. वि. वि.

त्या तांबटाला शब्द चांगले सुचतात, काम कधीच सुचलं नाही. आमच्या लग्नात त्यानेच कल्हई केलेल्या भांड्यातलं सूप हिरवं झालं होतं, विसरलीस?

अर्नफिनना हंड्याचं विचारलं आणि सगळं जेवण गार झालं. त्यांचं म्हणणं, हंडा घ्यायचा तो जवाच्या रसाच्या दीडपट. आपल्याकडे रस तासन्तास आटवतात. हंडा काठोकाठ भरलास तर दुधासारखा उतू जाईल आणि तुझा नाताळ जमिनीवर वाहील. तळ जाड हवा, नाहीतर रस करपतो आणि ती चव पिंप संपेपर्यंत सुटत नाही. तोटी तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खालीच राहील. आणि भरलेला हंडा उचलायचा विचारही करायचा नाही. छप्पन्नाव्या वर्षी पाठ मोडून घेतलीस तर मेंढ्यांकडे मी नाही येणार.

तांबं आता विसर. स्टीलचा हंडा हे स्वतः वेळ काढून बनवताहेत. खाली गॅसची शेगडी. लाकडं फोडणं नको, डोळे चोळणं नको. किल्ली फिरवली की ज्योत कमी-जास्त. माझा भाऊ ब्रिन्युल्व असता तर गॅसचं नाव काढताच टोपी घालून बाहेर गेला असता. पण त्याला लाकडं फोडून द्यायला तू होतीस. तुला कोण आहे?

वेळेवर जेव. माझ्यावरचा राग काढायचा असेल तर लांबलचक पत्रातून काढ, म्हणजे मलाही वाचायला होईल.

तुझी,
सिन्नेव्हा


हाऊगो
१४ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हंडा आला. भाऊजींना सांगा, काम देखणं आहे, पण तिवई त्यांनी स्वतःच्या उंचीची केली. मला आत बघायला बाकावर चढावं लागत होतं. लोहाराकडून पाय कापून घेतले. हंडा चूलघरात दाराशी ठेवला आहे, म्हणजे वारा येतो, आणि सिलिंडर बाहेर भिंतीला.

आधी सोड्याने घासला, कारण कारखान्याच्या तेलाचा वास येत होता. मग नुसतं पाणी उकळून पाहिलं. तोटी गळली. आवळली, पुन्हा गळली. शेवटी चामड्याची चकती कापून बसवली तेव्हा गप्प झाली.

सोमवारी खरा रस चढवला. उकळी फुटली आणि फेस असा वर आला की मी किल्लीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं. काठाखाली वीतभर येऊन थांबला. भाऊजींचं दीडपट किती खरं, ते तेव्हा कळलं. संध्याकाळपर्यंत रस आटून तांबूस झाला. कोमट झाल्यावर विरजणाचं कडं त्यात सोडलं. सकाळी कान लावला तर आत सळसळ चालली होती. वन्सं, ते जिवंत आहे. मी तिथेच बाकावर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

शनिवारी पिंपात भरणार. त्या दिवशी चाखायला येणाऱ्यांना बोलावणं तर आपल्याकडे नसतंच. बोलावलं तर लोक म्हणतील, हिला स्वतःच्या बिअरचा भरवसा नाही. पण यांच्या वेळी बाकं कमी पडायची, म्हणून मी खारवलेलं मटण जास्तच कापणार आहे.

आनंदात आहे. तुम्हीही माझ्यासाठी जरा आनंदात राहा.

तुमची,
हर्बोर्ग


हाऊगो
१८ नोव्हेंबर १९७४

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

कुणीही आलं नाही.

बिअर चांगली झाली आहे. मटण कुत्र्याने खाल्लं. गुट्टोर्मच्या घरात दिवा होता, तो माझ्या खिडकीतून दिसत होता. तेव्हा ती माणसं यांच्यासाठी येत होती, हंड्यासाठी नाही. इतकी वर्षं मी ताटं वाढत होते, मला वाटलं माझ्याकडेही येतात. यापुढे करीन ती माझ्यापुरती करीन, किंवा करणारच नाही.

आज एवढंच. तुम्ही आहात हे ठाऊक आहे.

हर्बोर्ग


बर्गन
२१ नोव्हेंबर १९७४

प्रिय वहिनी हिस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग गुट्टोर्मला शिव्या दिल्या, मग अर्नफिन शांतपणे म्हणाले की तुमच्या डोंगरावर कुणाची बिअर चढली हे कळतं तरी कसं? आणि मी कपाळाला हात लावला.

अगं, धूर! लहानपणी आई खिडकीतून बघून सांगायची, वरच्या घरी दिवसभर जाड धूर आहे, बिअर चढली, शनिवारी जाऊ. चूलघराच्या धुराड्यातून धूर निघतो, तेच बोलावणं. आणि मी तुला गॅस दिला! मला शहरात राहून इतकी वर्षं झाली की धूर म्हणजे नुसता डोळ्यांना त्रास वाटू लागला. तुला तिथे राहून सुचलं नाही, कारण तू कायम धुराच्या आतल्या बाजूला होतीस.

आता असं कर, ओल्या ज्युनिपरच्या फांद्या रिकाम्या चुलीत पेटव. धूर बघून चार-पाच दिवसांत सगळे दारात असतील. कुणाला काही कळणार नाही.

हट्ट करू नकोस, आणि माझ्याशी अबोला तर मुळीच नको.

तुझी,
सिन्नेव्हा


हाऊगो
१ डिसेंबर १९७४

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

काल फांद्या तोडून आणल्या, चुलीत रचल्यासुद्धा. काडी ओढताना लाज वाटली. हंड्याखाली काही नाही आणि वर धूर, म्हणजे शेजाऱ्यांना खोटं सांगणं झालं. काडी विझवली, यांचा कोट घातला आणि गुट्टोर्मच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, माझी बिअर तयार आहे, आज चाखायला या. आपल्या डोंगरावर असं बोलावणं कुणी केलं नसेल.

गुट्टोर्मने दार पूर्ण उघडलं. त्याची बायको ग्युरिड तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली. म्हणाली की तुमच्याकडे धूर दिसला नाही तेव्हा वाटलं, तू सोडून दिलंस, विचारून जखम कशाला उघडायची. आणि वन्सं, त्यांनी स्वतःचीही बिअर चढवली नव्हती. आमचा धूर बघून तिला काय वाटेल, म्हणून आज उद्या करत होते. वरच्या दोन्ही घरांनीही तेच केलं. सबंध नोव्हेंबर त्या उतारावर कुणी चूल पेटवली नाही, आणि मी खिडकीत बसून त्यांना दगडाच्या काळजाचे म्हणत होते.

संध्याकाळी सगळे आले. हंड्याभोवती फिरून पाहिलं, तोटी उघडून बंद केली, आणि एकाने विचारलं की यात मेंढी धुवायची का. गुट्टोर्मने चवीपुरता घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. यांच्या वेळीही तो एवढंच म्हणायचा, तेच म्हणाला, की पिण्यासारखी आहे. मी आत जाऊन पाव कापायच्या निमित्ताने डोळे पुसले. यांची आठवण कुणी काढली नाही, पण पहिला भरलेला पेला, जो हे प्यायचे, तो कुणी घ्यायचा यावर सगळेच जरा थबकले. मग ग्युरिडने तो माझ्यासमोर ठेवला.

आज सकाळपासून गुट्टोर्मच्या चूलघरावर जाड धूर आहे. दोन वेळा खिडकीशी जाऊन पाहिला. शुक्रवारी त्याची पिंपात भरायची वेळ होईल. मला कुणी सांगितलेलं नाही. मी जाणार आहे.

भाऊजींच्या हंड्याला आणि तुम्हाला माझा नमस्कार. माझ्यावर रागावत राहा, मला त्याची सवय आहे.

तुमची,
हर्बोर्ग